चेंबरखालचा पत्रा : प्रकल्प नोंदी, इंदूर

६ जुलै २०२५, रविवार

आषाढी एकादशी, म्हणून ओंकारेश्वरला गेलो होतो. परतताना चोरल मागे टाकून भेरूघाट चढलो आणि सिमरोलच्या अलीकडे गाडीखालून आवाज सुरू झाला. आधी फडफड, मग खरवड, मग पुन्हा फडफड. रुंदीकरणामुळे रस्ता जागोजागी उखडलेला आहे, त्यामुळे आधी खडी उडतेय असंच वाटलं. ही म्हणाली, "अहो, खडी एका तालात वाजत नाही." थांबून वाकून पाहिलं तर इंजिनाखालचं काळं प्लास्टिकचं कव्हर पुढून सुटून रस्त्यावर लोळत होतं.

डिकीत कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी होती. तिनंच कव्हर वर ओढून बांधलं आणि चाळीसच्या वेगानं राजेंद्रनगर गाठलं. घरी खिचडी खाता खाता ठरवलं की या वेळी नुसतं बदलून मोकळं व्हायचं नाही. हे कव्हर मुळात कशासाठी असतं ते पाहायचं, आणि जमलं तर स्वतः काहीतरी बरं करायचं. म्हणून ही वही.

गाडी : २०१८ची पेट्रोल हॅचबॅक, ७१ हजार किलोमीटर.

८ जुलै, मंगळवार

गाडी पुढून जॅकवर घेतली, दोन घोड्या (आधाराचे लोखंडी स्टँड) लावल्या, मागच्या चाकांना विटा. (नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली कुणी शिरू नये. हे माहीत असूनही करणारे दोघे तरी याच गल्लीत आहेत.)

कव्हर काढलं, म्हणजे दोरी सोडली. दहा जागी पकड असायला हवी होती. पाच जागी प्लास्टिकच्या क्लिपा, त्यातल्या दोन तुटक्या. दोन जागी बोल्ट. उरलेल्या तीन भोकांत काहीच नाही, आणि ती भोकं आतून स्वच्छ, म्हणजे तिथे बऱ्याच दिवसांत काही नव्हतंच. मार्चमध्ये ऑइल बदललं तेव्हा हे कव्हर उतरवून पुन्हा चढवलं गेलं होतं. तीन कमी बसवले आणि गाडी माझ्या हाती दिली. बिलात मात्र 'अंडरबॉडी तपासणी' असं छापलेलं आहे.

कव्हर धुऊन अंगणात उलटं ठेवलं. एका कोपऱ्यात दोन बाणांच्या मध्ये छाप आहे : पीपी, पुढे टीडी-२०. म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, त्यात वीस टक्के टाल्क. बादलीच्याच जातीचं प्लास्टिक, फक्त टाल्कमुळे जास्त ताठ. जाडी अडीच मिलिमीटर, वजन किलोभराच्या आसपास. नाकाकडची कड उकललेली आणि तिला रस्त्यानं घासून धार आलेली. आतल्या बाजूला काळ्या मातीचा बोटभर थर. आपली माळव्याची माती, ओली असली की मेण आणि वाळली की वीट.

लक्षात आलं की हा सपाट पत्रा नाहीच. रेडिएटरमागे त्याला खोलगट वळण आहे, मध्ये माशाच्या कल्ल्यांसारख्या मागे तोंड केलेल्या फटी आहेत, आणि ड्रेन प्लगखाली, म्हणजे जुनं ऑइल काढायच्या बुचाखाली, पंजा जाईल एवढं भोक. नुसतं झाकायचं असतं तर एवढी उठाठेव कुणी केली नसती.

१३ जुलै, रविवार

मिस्त्रींकडे गेलो. तीस वर्षांचा हात, आणि मत एकदम पक्कं : "काढून फेका. निम्म्या गाड्या बिना कव्हरच्या फिरतात, काही होत नाही. आणि भीती वाटत असेल तर लोखंडी गार्ड टाका. चेंबर फुटला तर रडाल."

चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं. पुस्तकात सम्प म्हणतात, पण इंदुरात, आणि बहुतेक देशभर, कुठल्याही गॅरेजात चेंबरच. तो दोन तऱ्हांचा असतो. ओतीव अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर दगडाचा जोराचा मार बसल्यावर तडकतो. ऑइल वाहून जातं, निदान मागे काळी रेघ दिसते. दाबून घडवलेल्या पत्र्याचा असेल तर फुटत नाही, आत चेपतो. दिसायला हे सौम्य वाटतं, पण ऑइल ओढणाऱ्या नळीची जाळी चेंबरच्या तळापासून जेमतेम बोटभर वर असते. तळ चेपून जाळीला टेकला की पंपाला ऑइल मिळेनासं होतं. भांडं भरलेलं, डिपस्टिक बरोबर, आणि बेअरिंगं मात्र कोरडी. म्हणून खालून दणका बसल्यावर ऑइलचा लाल दिवा लागला तर गाडी तिथल्या तिथे बंद करायची. 'गॅरेजपर्यंत तर नेऊ' यात इंजिन जातं.

माझा कुठला, ते फ्रिजवरच्या चुंबकानं पाहिलं. चिकटला. म्हणजे पत्र्याचा.

विम्याची कागदपत्रंही काढून वाचली. नेहमीच्या पॉलिसीत 'परिणामी नुकसान' धरत नाहीत. दगडानं चेंबर फुटला तर तो अपघात. पण फुटल्यावर गाडी तशीच पळवून इंजिन जाम झालं तर ते आपल्या अंगावर, वेगळं इंजिन संरक्षण घेतलं असेल तरच काही आशा. माझ्याकडे ते नाही.

मिस्त्रींच्या 'काही होत नाही'ची परीक्षा घ्यायची ठरवली. गाडी आठवडाभर कव्हरशिवाय चालवणार.

१९ जुलै, शनिवार

कव्हरशिवाय सहा दिवस, त्यातले चार पावसाचे.

'काही होत नाही' हे साठच्या आतपर्यंत खरं. बायपासवर ऐंशी-नव्वदला पुढून घरघर येते, जी आधी नव्हती. इंजिनाचा आवाज खाली रस्त्यावर आपटून परत वर येतो. तो अडवणं हेही कव्हरचं काम. गाडी जवळून जाताना किती आवाज करते याची परीक्षा कंपन्यांना द्यावीच लागते, त्यामुळे काही गाड्यांच्या कव्हरला आतून नमदाही लावलेला असतो.

दुसरं, पाणी. राऊजवळच्या एका डबक्यातून गेलो आणि बेल्ट किंचाळला. अल्टरनेटर आणि एसीचा कॉम्प्रेसर दोन्ही खालच्या अंगाला, पट्टा चाकाच्या शेजारी. भिजला की घसरतो. एकदा किंचाळल्यानं काही बिघडत नाही, पण घरी येऊन टॉर्च मारला तर अल्टरनेटरच्या जाळीवर चिखलाचे शिंतोडे बसलेले. सहा दिवसांत एवढा, तर चार पावसाळ्यांत किती.

तिसरं, वारा. हे मला आधी उलटंच वाटायचं : खालून उघडं असेल तर इंजिन जास्त थंड राहील. भाचा पीथमपूरला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे, त्यानं फोनवर समजावलं. "मामा, कूलर लावून खिडक्या बंद केल्या तर गार होतं का?" नाही होत. हवेला बाहेर जायला वाट हवी. रेडिएटरमधून आत आलेली हवा इंजिनाखालून मागे निघून जायला हवी. खालचा भाग उघडाबोडका असला की गाडीखालचा वाराही वर घुसतो, बोनेटखाली दाटी होते आणि रेडिएटरमधून यायचा वारा मंदावतो. कव्हर ती घुसखोरी रोखतं, आणि मागे तोंड केलेल्या त्या फटींतून आतली गरम हवा ओढली जाते. कल्ल्यांसारख्या फटींचं कोडं असं सुटलं.

शिवाय वाऱ्याचा रोध वेगाच्या वर्गानं वाढतो. साठवरून नव्वदवर गेलं की सव्वादोन पट. नव्या गाड्यांचं पोट गुळगुळीत करण्याचा एवढा सोस त्यासाठी. गावातल्या गावात, पलासिया ते राजवाडा करणाऱ्याला याचा फायदा शून्य, हेही मान्य.

२० जुलै, रविवार

मिस्त्रींचं अर्धं मत (काढून फेका) बाद. उरलेलं अर्धं, लोखंडी गार्ड, आज सुरू.

बाजारात तयार मिळतात, पण माझ्या मॉडेलसाठी म्हणून जे दाखवलं त्याची भोकं दोन बोटं सरकलेली होती. 'ठोकून बसेल' असं दुकानदाराचं म्हणणं. मग फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा कापून नमुना काढला : ७२ बाय ५८ सेंटिमीटर. लोहा मंडीतून चौदा गेजचा पत्रा, म्हणजे साधारण २ मिलिमीटर. घेण्याआधी हिशेब केला : लोखंडाचा साडेसहा किलोच्या वर, तेवढ्याच मापाचा ३ मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियमचा सव्वातीन-साडेतीन किलो. अ‍ॅल्युमिनियम आवडलं असतं, पण ते वाकवून, वेल्ड करून देणारा जवळपास मिळाला नाही. लोखंड कोपऱ्यावरचा फॅब्रिकेटरसुद्धा करतो.

समोरची कड वर वळवली, कडांना पाऊण इंचाची घडी, चार बोल्ट सबफ्रेमला, म्हणजे इंजिनाखालच्या लोखंडी चौकटीला. ड्रेन प्लगसाठी भोक पाडलं. फटी पाडल्या नाहीत. आळस, दुसरं काही नाही. रेड ऑक्साइडचे दोन हात.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर बसेना, म्हणून मी पत्रा छातीशी धरून वजनकाट्यावर उभा राहिलो. ६.८ किलो. हिनं फोटो काढून माहेरच्या ग्रुपवर टाकला.

२७ जुलै, रविवार

पत्रा लावून आठवडा. मोजमापं :

टाकी भरलेली, दोघं पुढे बसलेले. आधी सर्वांत खालचा भाग जमिनीपासून १६१ मिलिमीटर, आता १३९. संरक्षणासाठी बावीस मिलिमीटर दिले, आणि त्यामुळे आधी जिथे लागत नव्हतं तिथे आता लागतं. आमच्या कॉलनीच्या तोंडाचा गतिरोधक पहिल्याच दिवशी घासला.

गतिरोधकांचं एक सांगायलाच हवं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८च्या मापाप्रमाणे गोल गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, १७ मीटर त्रिज्येचा तुकडा. माझ्या गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर अडीच मीटरही नाही, म्हणजे सबंध गाडी अलगद त्यावर चढेल आणि उतरेल. आमच्याकडचा हातभर रुंद आणि वीतभर उंच, रातोरात डांबर ओतून केलेला. दोष गाडीच्या पोटाला द्यायचा की त्याला? तरी एक उपाय फुकटचा आहे : गतिरोधकाआधी वेग कमी करा आणि चढताना ब्रेक सोडा. ब्रेक दाबलेला असला की गाडीचं नाक खाली झुकतं आणि नेमका तिथेच चेंबर असतो.

आवाज : घरघर गेली, ढमढम आली. पत्रा सोळाशे आरपीएमच्या सुमाराला ताशासारखा वाजतो. बोल्टखाली रबराचे वायसर टाकले, थोडा मऊ झाला.

रेडिएटरचा पंखा : एसी बंद, खंडवा रोडवरून परत येऊन अंगणात इंजिन चालू ठेवलं. कव्हर असताना पंखा एकदा लागला की पस्तीस सेकंदांत थांबायचा. आता पन्नास. हवामान दोन्ही दिवशी सारखं नव्हतं, म्हणून या आकड्यावर पैज लावणार नाही. पण बोनेट उघडल्यावर तोंडावर येणारी वाफ खोटं बोलत नाही. कूलर लावून खिडकी बंद केलीय मी.

३ ऑगस्ट, रविवार

मुद्दाम सिमरोलपर्यंत जाऊन आलो. कच्च्या वळणरस्त्यावर ट्रकच्या चाकानं उडवलेला दगड समोर आडवा आला, चुकवता आला नाही. ठण्ण. दिवा लागला नाही. 'पत्र्यानं वाचवलं' म्हणत खूश होऊन घरी आलो.

घोड्यांवर घेतलं. पत्र्याला बशीएवढा पोचा, खोली १२ मिलिमीटर. पत्रा उतरवून चेंबर पाहिला तर त्याच्या तळाला रेड ऑक्साइडचा लाल ठसा, अगदी गंध लावल्यासारखा. पत्रा आणि चेंबर यांच्यात मी जागा किती ठेवली होती? १० मिलिमीटर. जमिनीपासूनची उंची वाचवायला पत्रा वर ढकलला होता. म्हणजे दगडाचा मार पत्र्यानं सबफ्रेमला द्यायच्या ऐवजी शेवटी चेंबरलाच दिला, फक्त पसरून. पत्र्यानं जे केलं ते त्याच्या जाडीनं नाही, त्या दहा मिलिमीटरांनी केलं. पंचवीस ठेवले असते तर ठसा नसता, पण मग कॉलनीतून बाहेर पडता आलं नसतं.

चेंबर चेपलेला नाही. दोनदा हात फिरवून पाहिला.

१० ऑगस्ट, रविवार

काल राखी. ताई आणि भाचा आले होते. जेवण झाल्यावर भाचा खाली शिरला आणि हात बाहेर काढून दाखवला. काळं ऑइल.

पत्र्याच्या घडीत पाव वाटी ऑइल साचलेलं. ड्रेन प्लगचा वायसर गळत होता. तो एकदाच चेपायचा तांब्याचा वायसर मार्चमध्ये जुनाच पुन्हा लावला असणार. कव्हर नसतानाच्या आठवड्यात अंगणात एक-दोन थेंब दिसले होते, मी ते शेजारच्या स्कूटरच्या नावावर टाकले. पत्रा लागल्यावर थेंब बंद झाले आणि मला वाटलं स्कूटर दुरुस्त झाली. पूर्ण बंद तळाची ही खोड आहे : गळती लपते. त्यात गाडीखालचा सायलेन्सर तापलेला. ऑइलमध्ये भिजलेला नमदा किंवा अडकलेलं सुकं गवत घेऊन फिरणं बरं नव्हे. बीएस-६ (प्रदूषणाचे नवे नियम) नंतरच्या गाड्यांत धूर शुद्ध करणारा, खूप तापणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बहुधा इंजिनाला चिकटूनच असतो, त्यांनी तर आणखी जपावं.

भाच्यानं आणखी एक काढलं. "मामा, कंपनीनं समोरच्या टकरीची चाचणी घेतली तेव्हा हा पत्रा नव्हता. टकरीत इंजिन कुठे सरकायचं ते त्यांनी बघितलंय. तुमचा पत्रा चार बोल्टांनी सबफ्रेमला आवळलेला. आता काय होईल ते कुणी बघितलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. श्रीखंड वाढून घेतलं.

मग त्याच्याच आवडीचा विषय निघाला, विजेच्या गाड्या. त्यांच्यात इंजिन नाही, पण पोटाशी सगळी बॅटरी. २०१३ मध्ये रस्त्यावरच्या धातूच्या तुकड्यांनी खालून मार बसून टेस्लाच्या मॉडेल एसला आग लागल्याच्या दोन घटना झाल्या. मार्च २०१४ मध्ये त्यांनी तळाला तिहेरी ढाल दिली : पुढे अ‍ॅल्युमिनियमची पोकळ नळी, मग टायटॅनियमची पट्टी, मागे उतरत्या कोनातला भरीव अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा. सबंध तळाला पत्रा नाही. पहिल्या भागानं वस्तू ढकलायची किंवा वर उचलायची, शेवटच्यानं गाडीलाच तिच्यावरून अलगद चढवायचं. हे ऐकताना मी वहीच्या मागच्या पानावर रेघा मारायला लागलो होतो.

१७ ऑगस्ट, रविवार

पत्रा उतरवला. नवा वायसर, नवं ऑइल.

नवी योजना : मूळ जातीचं प्लास्टिक कव्हर परत, आणि त्याच्या वर, कव्हर आणि चेंबरच्या मध्ये, ५० बाय ५ मिलिमीटरच्या दोन लोखंडी पट्ट्या सबफ्रेमच्या एका दांड्यापासून दुसऱ्यापर्यंत आडव्या. एक चेंबरच्या चार बोटं पुढे, दुसरी त्याच्या तोंडाशी, पुढून मागे किंचित उतरती. ६० सेंटिमीटरची एक पट्टी १.२ किलोची, दोन्ही मिळून अडीचच्या आत. हवा मोकळी, गळती दिसणार, उंची जाणार नाही. टकरीचा भाच्याचा प्रश्न पट्ट्यांनाही लागू आहे. आडव्या असल्यामुळे समोरून आलेला जोर त्या लांबीत धरत नाहीत, एवढंच माझं समाधान.

मिस्त्री म्हणाले, "इतकं डोकं लग्न ठरवताना लावलं होतं का?"

२४ ऑगस्ट, रविवार

नवं कव्हर साडेचौदाशेला. जुनं फेकलं नाही : तडा गेलेल्या जागी स्टीलची जाळी ठेवून सोल्डरिंगच्या बंदुकीनं वितळवून बसवली, पुढच्या वेळेला उपयोगी पडेल. पॉलिप्रॉपिलीनला फेव्हिक्विक धरत नाही, कुणी प्रयत्न करू नये.

क्लिपांची भानगडच काढून टाकली. आठ जागी सहा एमएमचे बोल्ट, मागे पत्र्याच्या क्लिप-नटा, रुंद वायसर. सियागंजात एका दुकानात क्लिप-नटा किलोवर मिळतात. मला आठ हव्या होत्या, पाव किलो घ्याव्या लागल्या. पुढच्या दोन जागी मात्र मुद्दाम प्लास्टिकच्याच क्लिपा ठेवल्या. भरल्या पाण्यातून जाताना कव्हर सुपासारखं पाणी धरतं. तेव्हा पुढच्या क्लिपा सुटून पाण्याला वाट मिळालेली बरी, कव्हर फाटण्यापेक्षा.

मातीसाठी कव्हरच्या सर्वांत खोल जागी आठ मिलिमीटरची तीन भोकं.

पांढऱ्या ऑइलपेंटनं कव्हरच्या तळावर ठसठशीत लिहिलं : 'बोल्ट ८ + क्लिप २ = १०'. बुधवारी गणपती आणायचे आहेत, त्याच ब्रशनं पाटावर नवा रंगही मारून घेतला.

७ सप्टेंबर, रविवार

काल अनंत चतुर्दशी, झाँक्या बघून पहाटे तीनला घरी. आज उशिरा उठून मांडूला जाऊन आलो, चौघं जण, डिकीत सामान. एकदा खाली लागलं, हलकंसं. कव्हरवर ओरखडा, पट्टीला काही नाही. बायपासवर नव्वदला घरघर नाही, ढमढमही नाही. पंखा पस्तीसवर. लोखंडी पत्रा गच्चीवर, हिनं त्यावर वाळवणं घातली आहेत.

१४ सप्टेंबर, रविवार

ब्रेकच्या कामासाठी गाडी एका गॅरेजात दिली होती, ओळखीच्या नाही. संध्याकाळी घेऊन आलो आणि आधी खाली वाकलो. मोजले. नऊ. दहावा बोल्ट गिअरजवळच्या कप ठेवायच्या खोबणीत होता, वायसरसकट, कागदात नीट गुंडाळलेला.